वाह म्हणायची जागा

परवा प्रताप नगरच्या चौकात संगीत महोत्सवाचा फ्लेक्स लागला. गायिकेचा फोटो लहान, मदत करणाऱ्यांचे मोठे, हे दरवर्षीचंच. शाळेतून येताना मी स्कूटी हळू केली, तारखा वाचल्या आणि निघून आले. घरी येऊन कपाटातले स्वेटर उन्हात टाकले. संध्याकाळी मोबाईलवर आमच्या श्रोत्यांच्या ग्रुपवर नियम येऊन पडले. फोन बंद ठेवावेत, लहान मुलांना आणू नये, गाणं सुरू असताना उठू नये. लगेच खाली वाद सुरू झाला. एकानं लिहिलं, स्वतःपुरतं रेकॉर्डिंग केलं तर कोणाचं काय जातं? दुसऱ्यानं लिहिलं, मग घरीच बसा ना मोबाईल पाहत. कोणीतरी मागच्या वर्षीची आठवण काढली. विलंबित ख्याल रंगात आलेला, आणि एका गृहस्थांनी सिनेमातल्या गाण्याची चिठ्ठी स्टेजवर पाठवली होती. त्यावर हसणारी पिवळी तोंडं आली. मी सगळं वाचलं आणि फोन कणकेच्या डब्यावर पालथा ठेवला.

नागपुरात थंडी अशीच येते. आधी रस्त्यावर संत्र्यांचे ढीग, मग फ्लेक्स, मग हा वाद. मी त्यात कधी काही लिहीत नाही. पण थंडी पडली की तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो, आणि तो आधी बोटांना आठवतो. रविवारी सकाळच्या मैफली असायच्या. सात वाजता मी स्कूटी काढायची. हातमोजे घालायचा मला कंटाळा. हॉलपाशी पोचेपर्यंत बोटं अशी सुन्न झालेली असायची की किल्ली फिरवली की नाही, हे पाहून खात्री करावी लागायची. मागे दादा बसलेला असायचा, कानटोपी घालून, वाटेत एक शब्द न बोलता. गाणं ऐकायला जाताना बोलून कान खराब करू नये, असं त्याचं म्हणणं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचे वडील खाप्याहून नागपूरला आले आणि इथलेच झाले. दादानं सगळी नोकरी कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडतीच्या दुकानात केली. त्याचं काम लिलाव पुकारायचं. पोत्यांच्या थप्पीपाशी उभं राहायचं आणि गर्दीतल्या शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंत आवाज पोचवायचा. दिवसभर ओरडणाऱ्या माणसाला घरी शांतता लागते, असं वहिनी म्हणायची. वहिनी गेली तेव्हा त्याची मुलगी ऋतू कॉलेजात होती. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. शाळेत भूगोल शिकवते. वहिनी होती तोवर दादासोबत गाण्याला ती जायची. ती गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात दादा माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, चालते का? मी चप्पल घातली. कुठे जायचं आहे, हे वाटेत कळलं.

दादाचे नियम ग्रुपवरच्या नियमांपेक्षा कडक होते. गाणं सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं जागेवर बसलेलं असलं पाहिजे, कारण तंबोरे जुळवताना ऐकणं हेसुद्धा गाणंच. खोकल्याची गोळी घरून सोलून कागदाविना आणायची. मांडीवर थाप देऊन ताल धरायचा नाही. तबलजी त्यासाठीच बसला आहे. हॉलमध्ये संत्रं सोलायचं नाही. हा नियम दुसऱ्या गावात कोणाला सुचणार नाही, पण आमच्याकडे बाया पर्समध्ये संत्री घेऊन येतात आणि मध्येच सोलतात, आणि तो वास चार रांगांत पसरला की दादाची मान वळायची. निवेदिकेनं गाणाऱ्यापेक्षा जास्त बोलायचं नाही. सत्कार आटपून घ्यायचे, शाल-नारळ गाण्याच्या आधी द्या नाहीतर नंतर द्या, मध्ये नको. आणि भैरवीला उठून पार्किंगकडे पळणाऱ्यांविषयी तो जे म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यांत मोठा नियम 'वाह'चा होता. वाह आपण म्हणायची नसते, ती निघून जाते. शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून म्हटलेली वाह त्याला लगेच कळायची. तो स्वतः एका मैफलीत दोनदा, फार तर तीनदा म्हणायचा, आणि इतकी हळू की मलाच ऐकू यायची.

हे तो कुठून शिकला, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. आमच्या वस्तीत भीमजयंतीला रात्ररात्र गाणं चालायचं. तिथे ऐकणारा गप्प बसला तर गाणाऱ्याला वाटायचं, आपलं काही चुकलं. लोक उभे राहायचे, ओळ परत मागायचे, पुढे जाऊन गाणाऱ्याच्या गळ्यात हार घालायचे. गाणं अर्धं त्याचं आणि अर्धं आमचं. दादा विशीत असताना पहिल्यांदा सिव्हिल लाइन्समधल्या हॉलमध्ये गेला, कोणा मित्राच्या पासवर. गाणाऱ्यानं एक जागा अशी घेतली की दादा खुर्चीतून अर्धा उठला आणि वस्तीत म्हणायचा तसा मोठ्यानं 'वाह' म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मागे वळून पाहिलं. बोलला काही नाही. नुसतं पाहिलं, दादाच्या चेहऱ्याकडे, मग शर्टाकडे, आणि परत पुढे पाहायला लागला. दादा मला म्हणाला होता, त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, आता यांच्यापेक्षा चांगलं बसून दाखवीन.

आणि त्यानं दाखवलं. चाळीस वर्षं दाखवलं.

ऋतूचं गाणं वेगळं. ती एका कंपनीत काम करते आणि वर्षातून दोन-तीनदा मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमांना जाते. मनगटावर चमकणारा पट्टा, घसा बसलेला, मोबाईलमध्ये पन्नास-साठ व्हिडिओ, अशी परत यायची. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती अशीच परत आली आणि रविवारी जेवताना दादानं विचारलं, तू गाणं गात होती, व्हिडिओ काढत होती, नाचत होती, मग ऐकलं कधी?

"बाबा, तिथं ऐकाले नाही जात कोणी," ती म्हणाली. "तिथं असाले जाते."

दादाला हे उत्तर आवडलं नाही, पण तो त्यावर दोन दिवस विचार करत होता. मग म्हणाला, असं असेल तर भिंतीवर तारीख लिहून यावं, मी इथं होतो म्हणून. ऋतू म्हणाली, तुमच्या हॉलमध्ये निम्मे लोक झोपतात, आमच्यात कोणी झोपत नाही. हा मुद्दा खरा होता. दादानं झोपणाऱ्यांची बाजू घेतली. झोपणारा निदान कोणाला त्रास देत नाही, आणि सुरात झोप लागणं हीसुद्धा दादच आहे, फक्त घोरू नये.

सिनेमाच्या बाबतीत मात्र तो सैल होता. जुने सिनेमे पुन्हा लागतात, पोरंपोरी पडद्यासमोर जाऊन नाचतात, संवाद नटाच्या आधी म्हणतात. ऋतू त्यातलीच. मला वाटलं दादा चिडेल. तो म्हणाला, पडद्यावरच्याले काय फरक पडते, त्याले थोडीच ऐकू येते, गाणाऱ्याले येते. सिनेमात त्याचा राग एकाच गोष्टीवर होता. शेवटी नावं वर सरकायला लागली की लोक उठतात. ज्यानं दिवे धरले, ज्यानं जेवण पोचवलं, त्याचं नाव अगदी शेवटी येतं, तेवढ्यापुरतं बसायला काय होतं? तो बसायचा. झाडू मारणारे आत येईपर्यंत आम्ही तिघं रिकाम्या थिएटरात बसून असायचो.

दोघं भांडता भांडता माझ्याकडे पाहायचे. मी म्हणायची, दोघांचंही बरोबर आहे, आणि भाजी वाढायची. लोकांना मी समजूतदार वाटते. खरं म्हणजे मला मतच नसायचं.

आता मागे पाहिलं की कळतं, त्या हिवाळ्यात दादाची मतं वाढत चालली होती. आजकालचे गायक शब्द खातात. हे मत आधीपासून थोडं होतं, पण आता प्रत्येक गायकाबद्दल तो ते म्हणायला लागला. हॉलची साउंड सिस्टीम बिघडली आहे, आयोजक लक्ष देत नाहीत. त्यानं ग्रुपवर लांबलचक तक्रार लिहिली, आणि तिला बरेच अंगठेही मिळाले. नवीन सिनेमातले नट कुजबुजतात, त्यांना वाटतं कुजबुजलं की अभिनय होतो. टीव्हीवरच्या मालिकांत पार्श्वसंगीत इतकं की माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही. ऋतूची पिढी तोंडातल्या तोंडात बोलते, शाळेत वाचन घेत नाहीत म्हणून. ऋतू यातल्या प्रत्येक मतावर त्याच्याशी भांडली. मी प्रत्येक मताला मान डोलावली. घरात कुकरच्या सहा सहा शिट्ट्या होऊन जायच्या आणि डाळ करपायची. आम्ही दोघी म्हणायचो, यांचं लक्ष कुठं असतं!

एखाद्या माणसाला जग वाईट होत चाललं आहे असं वाटायला लागलं, तर आपण त्याच्याशी वाद घालतो, किंवा हो ला हो म्हणतो. त्याचे कान तपासावेत असं कोणाच्या मनात येत नाही.

जानेवारीतला रविवार होता. फार थंडी. गाणारी मुलगी तिशीतली असेल, बाहेरगावची. हॉल भरला होता. तिनं तोडीचा आलाप सुरू केला, अगदी खालच्या सुरात, जवळजवळ श्वासातच. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी शाल ओढून घेतली आणि हात मांडीवर ठेवून स्थिर झाल्या. सगळा हॉल तसाच स्थिर झाला होता. एकाही फोनचा आवाज नाही. दादाला आवडते तशी शांतता होती.

दादा माझ्याकडे वाकला. मला काही सांगायचं तर तो कानाशी येऊन सांगायचा, आणि त्याला वाटलं असावं की तो तसंच सांगतो आहे.

"माइक बंद हाय का वं हिचा?"

ते लिलावाच्या आवाजात निघालं. कळमन्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. मुलीचा सूर हलला नाही, पण तिनं डोळे उघडले. पलीकडच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. तीनचार रांगा वळल्या. दादाला ते काहीच कळलं नव्हतं. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी काही बोलले नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला, तेवढ्याच मोठ्यानं, "काहीच ऐकू नाही येऊन राहिलं ना?"

मी ओठांवर बोट ठेवलं. वर्गात चौथीच्या मुलांपुढे ठेवते तसं.

त्यानं माझ्या बोटाकडे पाहिलं. मग वळलेल्या माणसांकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. ते सगळे त्याच्याकडे का पाहत आहेत, हे त्याला समजायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. समजलं तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मैफल संपेपर्यंत तसाच बसला. भैरवी झाली, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवायला त्यानं सुरुवात केली ती सगळ्यांच्या नंतर, आणि थांबवल्या सगळ्यांच्या आधी. बाहेर टपरीवर आम्ही नेहमीसारखे तर्री-पोहे खाल्ले. पोहे फार तिखट होते, किंवा असतील. मला तिखट लागलं नाही.

संध्याकाळी ऋतू माझ्याकडे आली आणि तिनं मोबाईल पुढे केला. कोणीतरी मागच्या बाजूनं व्हिडिओ काढला होता. बारा-पंधरा सेकंदांचा. खालच्या सुरातला आलाप, मग दादाचा आवाज, मग हसू. वर लिहिलं होतं, 'काकांचा थेट प्रश्न'. तो व्हिडिओ ऋतूला तिच्या ऑफिसातल्या मुलीकडून आला होता. त्या मुलीला काका कोण हे माहीत नव्हतं. आमच्या श्रोत्यांच्या ग्रुपवर तो दुपारीच येऊन पडला होता, आणि खाली मतं होती. असल्या लोकांना आत कसं सोडतात? पास फुकट वाटले की हे होतं. संस्कार असतात एकेकाचे. गाण्यात फोन काढू नये असं दरवर्षी लिहिणाऱ्यांपैकी एकानंही, हा व्हिडिओ कोणी काढला, असं विचारलं नव्हतं.

मी व्हिडिओ तीनदा पाहिला. दादा आणि मी पाठमोरे होतो. दादा वाकतो, बोलतो, पुन्हा बोलतो. मी ओठांवर बोट ठेवते ते पाठीमागून दिसत नाही. पण एक गोष्ट दिसते. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खुर्चीत दुसऱ्या बाजूला सरकते. वीतभर. शाल सावरते आणि सरकते, जशी एखादी बाई अनोळखी माणसापासून सरकेल.

मी सरकल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. व्हिडिओत आहे म्हणून मान्य करते.

ऋतूला ते दिसलं होतं की नाही, ती बोलली नाही. तिनं वेगळंच विचारलं. "आत्या, तू ग्रुपवर काहून काही नाही लिहिलं?"

मी म्हटलं, काय लिहू.

"लिही ना, की हे माझे भाऊ आहेत. की त्यांना ऐकू नाही येत."

ते वाक्य घरात पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं. ऐकू नाही येत. ऋतू स्वतःच थांबली आणि खाली बसली. कुकर, टीव्ही, कुजबुजणारे नट, साउंड सिस्टीम, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मला दिसलं. मग ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात तिच्या स्वेटरवर होता, एवढंच मला समजत होतं. तिनं वर पाहून विचारलं, "तुले काहीच नाही वाटून राहिलं का?" मी खरं सांगितलं. म्हटलं, नाही.

ग्रुपवर मी त्या दिवशी लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिसऱ्या दिवशी तिथे एक करडी ओळ आली की दादा ग्रुपमधून बाहेर पडला. सात-आठ वर्षं तिथे सगळ्यांत लांब मजकूर त्याचा असायचा. त्या ओळीखाली कोणीतरी एका जलशाचं निमंत्रण टाकलं आणि ती वर निघून गेली.

डॉक्टरांकडे मी आणि ऋतू त्याला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन लावले. आवाज आला की हात वर करा, असं लिहून दाखवलं. आम्ही काचेबाहेर होतो. दादा डोळे मिटून बसला होता, अगदी मैफलीत बसायचा तसा, आणि बराच वेळ त्याचा हात वर गेला नाही. मग त्यानं डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, सुरू झालं का, असं विचारल्यासारखं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की आतली नस गेली आहे, हळूहळू गेली, बरीच वर्षं लागली असतील. गोंगाटात काम केलंय का, असं विचारलं. कानाला यंत्र लावलं तर बोलणं समजेल, गाण्याचं सांगता येत नाही. कागदावर त्यांनी बधिरता असं लिहिलं. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर, आणि ज्याला काही जाणवत नाही तोही बधिर. आपल्याकडे दोघांना एकच शब्द आहे. तो कागद मी पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नद्यांची खोरी शिकवली.

यंत्र नंतर आलं. आता तीन वर्षांनी त्याला त्याची सवय झाली आहे. भाजीवाल्याशी, ऋतूशी, माझ्याशी तो बोलतो. आपण समोर असलो आणि एका वेळी एकच माणूस बोलत असलं की त्याला बहुतेक समजतं. गाणं त्यातून जमलं नाही. एकदा ऋतूनं त्याच्या आवडीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यानं मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, तंबोरा पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा वाजतो. यंत्र काढून त्यानं डबीत ठेवलं. रडला वगैरे नाही. आता ऋतूसोबत तो सिनेमाला जातो, खाली अक्षरं असलेल्या. त्याचं म्हणणं, अक्षरं वाचली की नटांचा अभिनय नीट पाहता येत नाही, आणि नाही वाचली तर सिनेमा एकूण बराच वाटतो. मागच्या वर्षी ऋतू त्याला मैदानावरच्या कार्यक्रमालाही घेऊन गेली. मोठ्या स्पीकरपासून जवळ उभं केलं, ढोल छातीत वाजतो म्हणून. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं. तो म्हणाला, छातीत वाजते, पण छातीले सूर नाही समजत.

पण त्या हिवाळ्याचं सांगायचं राहिलं आहे ते हे नाही. यंत्र यायच्या आधीचे तीन-चार आठवडे आहेत.

ओठ पाहून अंदाज बांधणं त्यानं सोडून दिलं होतं, म्हणून तेव्हा त्याच्याशी बोलायचं म्हणजे लिहायचं. मी शाळेतली एक दोनशे पानी वही त्याच्या पलंगाशी ठेवली होती. व्हिडिओनंतरच्या पहिल्या रविवारी मी सकाळी गेले तर तो म्हणाला, तू जाऊन ये. मी वहीत लिहिलं, तुझ्याविना? तो म्हणाला, कोणीतरी जाऊन सांगितलं पाहिजे ना. मी गेले. आले आणि लिहिलं. कोणता राग, किती वेळ, तबल्यावर कोण. ते त्यानं वाचलं, आणि मग खरे प्रश्न विचारले. फोन वाजला का? तिसऱ्या रांगेतला तो खोकणारा आला होता का? भैरवीला कोण उठलं? त्यानंतरच्या रविवारीही मी गेले. हॉलमध्ये बसून मी हीच यादी मनात करत राहिले. दोन फोन, एक संत्रं, एक बाळ. समोर गाणं सुरू होतं आणि मी लोकांकडे पाहत होते. दादाच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली होती. तेही मी लिहिलं.

मोसमातल्या शेवटच्या रविवारी मी स्कूटी हॉलच्या पार्किंगमध्ये लावली. आतून तंबोरे जुळवल्याचा आवाज येत होता. मी पायऱ्यांपर्यंत गेले आणि थांबले. का थांबले याला कारण नाही. पाय दुखत नव्हते, मन भरून आलं नव्हतं. आत जावंसं वाटत नव्हतं आणि न जावंसंही वाटत नव्हतं. मी परत फिरले, टपरीच्या बाकावर बसले, दोन चहा प्यायले. लोक भैरवी संपवून बाहेर येईपर्यंत तिथेच बसले. मग उठले आणि दादाकडे गेले.

तो गच्चीवर उन्हात बसला होता. ऋतू खाली स्वयंपाक करत होती. मी वही घेतली आणि लिहिलं. सकाळी अहिर भैरव, मग तोडी, शेवटी भैरवी. आवाज मोकळा होता. ताना स्वच्छ. मी लिहीत गेले आणि मला आश्चर्य वाटलं, किती सहज जमतं हे. आधीच्या आठवड्यांतली पानं आणि हे पान यांत काही फरक दिसत नव्हता.

दादानं चष्मा लावून वाचलं. विचारलं, फोन वाजला कोणाचा? मी मान हलवली, नाही. खोकला? नाही. कोणी उठलं? नाही. संत्रं सोललं? मी लिहिलं, नाही, सगळे शेवटपर्यंत शांत बसले होते.

त्यानं वही मांडीवर ठेवली.

"तू गेलीच नाही, नंदा," तो म्हणाला. "एवढे शहाणे लोक नागपुरात आले कुठून?"

त्याला राग आलेला नव्हता. तो शेजारच्या गच्चीकडे पाहत होता, तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न पाहताच तो बोलला.

"मीबी नव्हतो ऐकत. दोन हिवाळे झाले. तंबोरा कानात येनं बंद झालं तवाच मले समजलं होतं." त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझी मान हालली की मी वाह म्हनत होतो. त्या दिवशी कोनाचीच नाही हालली, म्हनून वाटलं माइकच बंद हाय."

दोन हिवाळे. त्या सगळ्या रविवारच्या सकाळी मला आठवल्या. शेजारी बसलेला दादा, मला ऐकू येईल इतकीच हळू म्हटलेली ती वाह. दर वेळी बरोबर जागेवर. मला वाटायचं, याला किती कळतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी जाणवलं, आणि ते काय आहे ते ओळखता आलं नाही.

मी वही ओढून घेतली. सुरुवात केली, खोडलं, परत सुरुवात केली. लिहिलं की मला गाण्यातलं कधीच फारसं कळलं नाही. तू बोलवायला आला म्हणून मी आले, आणि मग येत राहिले. कुठे मान हलवायची ते मला कधी समजलं नाही. पुढच्या रांगेत शालवाल्या बाई बसतात, त्यांची मान हलली की मी हलवायची.

आणि त्याच्याखाली, वेगळ्या ओळीवर, मी लिहिलं की त्या दिवशी मी तुझ्यापासून सरकले. व्हिडिओत दिसतं.

दादानं दोन्ही वाचलं. खालच्या ओळीवर तो थांबला, तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला, जसा धान्याचा नमुना तळहातावर घेऊन पाहतात. मग वरच्या ओळी त्यानं पुन्हा वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग ते बाई कोनाची मान पाहत होती वं?"

दादा हसायला लागला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो फार मोठ्यानं हसत होता, कळमन्यात शेवटच्या माणसापर्यंत पोचावं तसा. ऋतू हातातला झारा तसाच घेऊन जिना चढून आली. शेजारच्या गच्चीवरची बाई ओलं पातळ हातात धरून आमच्याकडे पाहायला लागली. मी दादाच्या बाजूला खुर्ची ओढली आणि त्याला हसू दिलं.